सदतीस सेकंद चालले, आठ चालले नाहीत

यूट्यूबवर अधूनमधून जसप्रीत बुमराह डाव्या हाताने गोलंदाजी करताना दिसतो. विराट कोहली डावखुरा झालेला असतो, सीमारेषेवरच्या जाहिरातींची अक्षरं उलटी असतात आणि सगळा खेळ पडद्याच्या मधोमध एका छोट्या चौकटीत, भोवती भडक किनार लावून चाललेला असतो. हा कुणाचा विनोद नसतो. यूट्यूबच्या यंत्राला फुटेज ओळखू येऊ नये म्हणून त्याला घातलेला तो वेश असतो. असे व्हिडिओ टाकणारे बहुतेक जण हायलाइट्स उचलून चार पैसे मिळवणारे. पण त्याच यंत्राच्या तावडीत आणखीही एक जमात सापडते. बुमराहचं मनगट चेंडू सोडताना कसं वळतं, फलंदाजाचा पुढचा पाय कुठे अडकला, कर्णधारानं थर्डमॅन का हलवला, हे उलगडून सांगणारे स्वतंत्र विश्लेषक. त्यांना दोन चेंडू दाखवायचे असतात आणि नेमकी तीच चोरी असते.

यंत्र या दोघांत फरक करत नाही. कायदा करतो. पण कसा आणि किती, हे पाहायला गेलं की बऱ्याच समजुती कोलमडतात.

पहिली समजूत म्हणजे सामना कुणाच्या तरी मालकीचा असतो. तो तसा नसतो. १९३७ साली ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टापुढे एक मजेदार प्रकरण आलं. सिडनीतल्या व्हिक्टोरिया पार्क रेसकोर्सला लागून टेलर नावाच्या गृहस्थांची जागा होती. त्यांनी आवारात उंच मचाण उभारलं आणि त्यावर बसून रेडिओचा निवेदक कुंपणापलीकडच्या शर्यतींचं वर्णन करू लागला. लोक तिकीट काढायचे सोडून घरी रेडिओ ऐकू लागले, तसे रेसकोर्सचे मालक कोर्टात गेले. न्यायाधीशांत मतभेद झाले, पण बहुमताचा निकाल टेलरच्या बाजूने लागला. डोळ्यांना दिसणाऱ्या तमाशावर मालकी सांगता येत नाही. फार तर कुंपण उंच करा.

हाच धागा पुढे अनेक देशांत सापडतो. १९९७ मध्ये अमेरिकेत एनबीएनं मोटोरोलावर दावा केला. मोटोरोलाच्या पेजरवर बास्केटबॉलचे ताजे गुण दिसत आणि त्यासाठी माणसं टीव्हीवर सामना बघून आकडे भरत होती. कोर्टानं सांगितलं की प्रक्षेपणाला कॉपीराइट आहे; सामन्याला नाही आणि त्यातल्या घटनांनाही नाही. २०११ मध्ये युरोपीय न्यायालयानं फुटबॉलबद्दल तेच म्हटलं. खेळ नियमांनी बांधलेला असतो, त्यात कादंबरी किंवा नाटकासारखी निर्मिती नसते. तो खटला इंग्लंडमधल्या एका पबच्या मालकिणीनं ग्रीसचं स्वस्त डिकोडर कार्ड लावून प्रीमियर लीग दाखवल्यावरून उद्भवला होता, हे जाता जाता. बुद्धिबळाच्या चालींनाही हाच न्याय लागला. २०१६ च्या कार्लसन-कार्याकिन जगज्जेतेपदाच्या लढतीत दुसऱ्या संकेतस्थळांनी चाली थेट दाखवू नयेत म्हणून आयोजक न्यूयॉर्कच्या कोर्टात गेले आणि मनाई हुकूम न घेता परतले.

भारतात ही लढाई धावफलकावरून झाली. एसएमएसवर आणि संकेतस्थळांवर चेंडूगणिक स्कोअर देणाऱ्या कंपन्यांविरुद्ध स्टार इंडिया दिल्ली उच्च न्यायालयात गेली. क्रिकबझ चालवणारी कंपनी त्यांतलीच एक. एकल न्यायाधीशांनी स्कोअर पंधरा मिनिटांनी द्या, असा मधला मार्ग काढला होता. ऑगस्ट २०१३ मध्ये खंडपीठानं तो रद्द केला. सामन्याची माहिती म्हणजे घडलेली गोष्ट, आणि घडलेल्या गोष्टीवर कॉपीराइट कायद्याबाहेरचा नवा हक्क कोर्टानं निर्माण करू नये, असा त्याचा रोख होता. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

मग मालकी कशावर? कॅमेऱ्यानं टिपलेल्या चित्रावर. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तिला दोन कुलपं आहेत. चित्रण हे कायद्याच्या भाषेत 'सिनेमॅटोग्राफ फिल्म' ठरतं, आणि त्याचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. शिवाय कलम ३७ प्रमाणे प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला स्वतंत्र हक्क मिळतो, तो २५ वर्षांचा. मार्च २००१ मध्ये ईडन गार्डन्सवर व्ही. व्ही. एस. लक्ष्मणनं काढलेल्या २८१ धावा घेऊ. त्या डावाच्या प्रक्षेपणाचं कुलूप २०२६ अखेर उघडतं, फिल्मचं २०६१ अखेर. त्या डावातले आकडे मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांचे आहेत.

या कुलपांना एवढा भाव का, ते वानखेडे स्टेडियमच्या आवारात मुख्यालय असलेल्या बीसीसीआयच्या हिशेबातून कळतं. जून २०२२ च्या लिलावात २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. ४१० सामने धरले तर एका सामन्याचे सुमारे ११८ कोटी. एवढी रक्कम मोजणारा दुसऱ्यानं एक षटक जरी फुकट दाखवलं तरी डोळे वटारणार, यात नवल नाही.

कायद्यानं अपवाद ठेवले आहेत. कलम ५२ मध्ये 'फेअर डीलिंग' म्हणजे रास्त वापराची मुभा आहे. खासगी वापर आणि संशोधन, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. प्रक्षेपणाच्या हक्कासाठी कलम ३९ मध्ये तसाच वेगळा अपवाद आहे. चालू घडामोडींचं वार्तांकन, प्रामाणिक समीक्षा, अध्यापन किंवा संशोधन यांसाठी उतारे वापरता येतात.

वाचताना वाटतं, विश्लेषकाचं काम झालं. समीक्षा तर तो करतोच. पण इथे एक बारीक मेख आहे आणि ती फारशी कुणी बोलून दाखवत नाही. कलम ५२ मधली समीक्षा 'कृती'ची आहे, मग ती त्याच कृतीची असो वा दुसऱ्या. चित्रपट समीक्षक चित्रपटातला तुकडा दाखवून चित्रपटाबद्दल बोलतो, तेव्हा हिशेब सरळ असतो. क्रिकेटचा विश्लेषक मात्र कॅमेरामनच्या कामाबद्दल बोलत नसतो. तो फलंदाजाच्या बॅकलिफ्टबद्दल बोलतो. आणि आपण आत्ताच पाहिलं की सामना ही कायद्याच्या लेखी कृतीच नाही! म्हणजे ज्याची समीक्षा चालली आहे त्याला कॉपीराइट नाही आणि ज्याला कॉपीराइट आहे त्याची समीक्षा चाललेली नाही. शब्दाला शब्द लावणारा वकील इथेच बोट ठेवणार. कलम ३९ मध्ये समीक्षा नेमकी कशाची हे बांधून घातलेलं नाही, त्यामुळे तिथे श्वास घ्यायला जागा आहे. कालच्या सामन्याबद्दल बोलणाऱ्याला वार्तांकनाचाही आधार मिळतो. पण लक्ष्मणचा फिरकीविरुद्धचा खेळ आज उलगडून दाखवणाऱ्याला 'चालू घडामोडी' म्हणता येणार नाही. ज्या विश्लेषणात अभ्यास जास्त, त्याचाच कायदेशीर पाया जास्त ठिसूळ, अशी ही उलटी गत आहे.

आता सेकंदांकडे वळू. दहा सेकंदांपर्यंत चालतं, सात सेकंदांपर्यंत चालतं, सौजन्य लिहिलं की चालतं, व्हिडिओखाली 'कॉपीराइट भंग करण्याचा हेतू नाही' असं टाकलं की चालतं. या सगळ्या सांगोवांगीच्या गोष्टी. इंग्लंडमधले दोन निकाल शेजारी ठेवले की त्या फुटतात.

पहिला १९९१ चा. इटलीतल्या १९९० च्या फुटबॉल विश्वचषकाचं प्रक्षेपण बीबीसी करत होती. ब्रिटिश सॅटेलाइट ब्रॉडकास्टिंग या नव्या वाहिनीनं आपल्या क्रीडा बातम्यांत बीबीसीच्या प्रक्षेपणातले गोल उचलून दाखवले. तुकडे १४ ते ३७ सेकंदांचे, सामन्यानंतरच्या चोवीस तासांत, बातमीसोबत, काही वेळा पुन्हा पुन्हा. बीबीसी हरली. स्पर्धक वाहिनी, धंद्याचा हेतू, सामन्यातला सगळ्यात मोलाचा क्षण, एवढं सगळं असूनही तो वापर वार्तांकनाचा आणि रास्त ठरला.

दुसरा मार्च २०१६ चा. फॅनॅटिक्स नावाचं एक ॲप होतं. वापरणाऱ्यानं टीव्हीवरच्या सामन्याचा जास्तीत जास्त आठ सेकंदांचा तुकडा मोबाइलवर पकडायचा, त्याला दोन शब्द जोडायचे आणि इतरांना पाठवायचा. इंग्लंडचं क्रिकेट मंडळ आणि स्काय ही वाहिनी कोर्टात गेले. न्यायमूर्ती अरनॉल्ड यांनी सगळा मामला बारकाईनं पाहिला. दोन तासांच्या प्रक्षेपणात आठ सेकंद म्हणजे काहीच नाही, हे त्यांनी मान्य केलं. पण ते आठ सेकंद कोणते? पडलेली विकेट, फेटाळलेलं अपील, पूर्ण झालेलं शतक. म्हणजे ज्यासाठी लोक सामना बघतात तेच. सामान्य माणूसही वार्ताहर असू शकतो, हेही त्यांनी मानलं. तरी ॲप हरलं. कारण तिथे क्लिप एखादी बातमी सांगण्यासाठी येत नव्हती. ती स्वतःच्या आकर्षणावर बघितली जात होती आणि सोबतचे दोन शब्द नावापुरते होते.

सदतीस सेकंद चालले आणि आठ चालले नाहीत, त्याचं इंगित या फरकात आहे. विश्लेषकानं स्वतःला विचारायचा प्रश्नही त्यातूनच निघतो. क्लिप काढली तर मुद्दा लंगडा पडतो का? आणि बोलणं काढलं तर क्लिप तशीच चालते का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असेल तर ती क्लिप पुरावा आहे. उलट असेल तर तो माल आहे, मग वर कितीही गंभीर आवाजात निवेदन जोडा. हा काही कोर्टाचा अधिकृत निकष नाही. पण निकालांचा कल पाहता जवळपास तिथेच पोचतो.

भारतीय कोर्टांनीही घड्याळ लावून माप द्यायचं टाळलं आहे. २००७-०८ च्या भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेचं फुटेज वृत्तवाहिन्यांनी भरमसाट वापरल्यावरून ईएसपीएन स्टार स्पोर्ट्सनं दिल्ली उच्च न्यायालय गाठलं, तेव्हा वाद हाच होता की बातमी कुठे संपते आणि जाहिरातींसह रंगलेला करमणुकीचा कार्यक्रम कुठे सुरू होतो. २०१० मध्ये त्याच न्यायालयानं हमार टेलिव्हिजनच्या प्रकरणात तत्त्वं मांडली. रास्त वापराची नेमकी चौकट आखता येत नाही, तो तपशिलाचा आणि प्रमाणाचा प्रश्न आहे आणि शेवटी न्यायालयावर पडणारा एकूण ठसा महत्त्वाचा. वकिलांना हे सोयीचं आहे. रात्री अकराला व्हिडिओ संपादित करत बसलेल्या माणसाला नाही.

तो माणूस बहुधा 'फेअर यूज' हा शब्द वापरतो. ती अमेरिकेच्या कायद्याची सोय आहे आणि ती भारतापेक्षा सैल आहे. तिथे हेतूंची यादी बंद नाही. हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावरचा परिणाम असे चार निकष एकत्र तोलले जातात. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टानं एका यूट्यूबर जोडप्याला याच आधारावर सोडलं. पाच-साडेपाच मिनिटांच्या मूळ व्हिडिओतली तीन मिनिटांहून जास्त दृश्यं त्यांनी वापरली होती, पण दर थोड्या वेळानं थांबवून, चिरफाड करत. त्याच निकालात न्यायाधीशांनी बजावलं की प्रतिक्रिया देणारा प्रत्येक व्हिडिओ यात बसत नाही. काही व्हिडिओ म्हणजे चार जणांनी मिळून मूळ कार्यक्रम बघणंच असतं. भारतातल्या कितीतरी 'रिॲक्शन' चॅनेलांना हे वाक्य जिव्हारी लागेल.

पण कोर्ट हा फार पुढचा मुक्काम झाला. त्याआधी यंत्र येतं. यूट्यूबची कंटेंट आयडी ही व्यवस्था २००७ पासून आहे. हक्कदार आपलं फुटेज आधीच देऊन ठेवतो, यंत्र त्याचा ठसा काढतं आणि नव्या प्रत्येक व्हिडिओशी ताडून बघतं. जुळलं की हक्कदारानं ठरवल्याप्रमाणे व्हिडिओ अडतो, किंवा त्याच्या जाहिरातींचे पैसे हक्कदाराकडे जातात, किंवा फक्त नोंद होते. हा झाला 'क्लेम'. 'स्ट्राइक' वेगळा. त्यासाठी हक्कदाराला रीतसर तक्रार करावी लागते आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक पडले की चॅनेल बंद होऊ शकतं, आधीच्या शेकडो व्हिडिओंसह. चित्र जुळतं का, एवढंच यंत्राला कळतं. वर कुणी काय बोललं आणि कशासाठी, हे त्याच्या हिशेबात नाही.

माणसं तक्रार करतात तेव्हाही शहाणपण असतंच असं नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये ब्रुकलिन लॉ स्कूलच्या एका प्राध्यापिकेनं सुपर बोलच्या प्रक्षेपणातला छोटा तुकडा विद्यार्थ्यांसाठी यूट्यूबवर टाकला. त्यात खेळ जवळजवळ नव्हताच. होती ती एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगची कॉपीराइटची तंबी, जिच्यात सामन्याची चित्रंच काय, वर्णनंसुद्धा परवानगीशिवाय वापरू नका असं बजावलेलं असतं. कायदा देतो त्याहून जास्त हक्क लीग कसा सांगते, हेच त्यांना वर्गात दाखवायचं होतं. एनएफएलनं तो तुकडा काढायला लावला. त्यांनी प्रतिनोटीस देऊन परत आणला. एनएफएलनं पुन्हा नोटीस पाठवली.

प्रतिनोटिशीचा तो रस्ता आजही आहे, पण तो चालायला छाती लागते. स्वतःचं नाव-पत्ता समोरच्या कंपनीला द्यावा लागतो आणि त्यानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत कंपनी कोर्टात गेली नाही तरच व्हिडिओ परत येतो. भारतीय कायद्यात मुदत आणखी लांब. तक्रारीनंतर मध्यस्थ संकेतस्थळानं २१ दिवस मजकूर अडवून ठेवायचा आणि तेवढ्यात कोर्टाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करायचा. कालच्या सामन्याचं विश्लेषण २१ दिवसांनी कोण बघणार? तोवर मालिका संपलेली असते. म्हणून बहुतेक जण हक्क असूनही वाद घालत नाहीत, व्हिडिओ गुपचूप काढून टाकतात. मे २०२५ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेनं काही सेकंदांच्या क्लिपांवरून स्ट्राइक टाकले आणि ते मागे घेण्यासाठी मोठ्या रकमा मागितल्या, अशी जाहीर तक्रार काही भारतीय यूट्यूबरांनी केली. आपण आपल्या हक्कांचं रक्षण करत आहोत, असं एएनआयचं म्हणणं होतं. ते फुटेज बातम्यांचं होतं, पण धास्ती क्रिकेटवाल्यांनीही घेतली.

सगळे मालक सारख्याच घट्ट मुठीचे नाहीत. ऑक्टोबर २०१५ मध्ये एनएफएल आणि इतरांच्या तक्रारींवरून ट्विटरनं सामन्यांच्या हलत्या चित्रांवरून डेडस्पिन आणि एसबी नेशन या क्रीडा संकेतस्थळांची खाती बंद केली. त्याच काळात एनबीएचा कल उलटा होता. लीगचे प्रमुख ॲडम सिल्व्हर यांचा हिशेब असा की छोट्या क्लिपा म्हणजे फराळ. तो फुकट वाटला तरी लोक जेवायला, म्हणजे पूर्ण सामना बघायला, येतातच. बास्केटबॉलच्या डावपेचांवर इंटरनेटवर इतकं सखोल काम उभं राहिलं, त्यात या सैल मुठीचा मोठा वाटा आहे. क्रिकेटमध्ये, जिथे प्रत्येक चेंडू आधीच सुटा आणि मोजलेला असतो, तिथे असं काम किती बहरलं असतं, ही हळहळ कुणाही क्रिकेटवेड्याला वाटावी.

फुटेज मिळत नाही म्हटल्यावर विश्लेषकांनी दुसऱ्या वाटा काढल्या. टिफो फुटबॉल या चॅनेलनं खेळाडूंची चित्रं काढून आणि बाण हलवून डावपेच सांगितले आणि त्यातून स्वतःची ओळखू येणारी शैलीच घडवली. क्रिकेटमध्ये क्रिकशीट हा प्रकल्प हजारो सामन्यांची चेंडूगणिक माहिती मुक्तपणे देतो; तिच्यावरून कुणीही आलेख काढावेत. माहितीवर मालकी नाही, या तत्त्वाचं हे प्रत्यक्ष फळ. आकाश चोप्रा यांच्यासारखे माजी खेळाडू कॅमेऱ्यासमोर बसून नुसतं बोलतात आणि लाखो लोक ऐकतात. मराठी श्रोत्याला हे नवं नाही. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून ज्यांच्या डोळ्यांसमोर मैदान उभं केलं, त्या पिढीनं एकही रिप्ले न बघता क्रिकेटचा काथ्याकूट केला. पण म्हणून फुटेजची गरज संपत नाही. चेंडू सुटण्याच्या क्षणी मनगट कुठे होतं, हे आलेखात येत नाही आणि शब्दांत तर नाहीच.

महाराष्ट्रात या प्रश्नाची एक वेगळीच बाजू दिसते. कोकणापासून पुणे जिल्ह्यापर्यंत टेनिस क्रिकेटच्या आणि कबड्डीच्या स्पर्धा, बैलगाडा शर्यती आता यूट्यूबवर थेट दिसतात. मैदानाकडेला दोन-तीन कॅमेरे, एक मिक्सर आणि घसा फोडून बोलणारा समालोचक. इथे चित्रणाचा मालक कोण? स्पर्धा भरवणारं मंडळ, असं मंडळाला वाटतं. कायदा मात्र फिल्मचा कर्ता म्हणून तिच्या निर्मितीत पुढाकार घेणाऱ्याला आणि जबाबदारी उचलणाऱ्याला धरतो. कॅमेरेवाल्यानं स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या चॅनेलसाठी चित्रण केलं असेल आणि लेखी करार नसेल, तर हक्क सहसा त्याचाच. मंडळाच्या हाती उरतो तो मैदानात कुणाला येऊ द्यायचं हा अधिकार, म्हणजे १९३७ मधलं ते कुंपण. प्रेक्षकानं मोबाइलवर घेतलेली क्लिपही मुळात प्रेक्षकाचीच. आयपीएलच्या मैदानात तिला आडकाठी येते ती तिकिटामागच्या अटींमुळे. गावच्या स्पर्धेला तिकीटच नसतं, मग अटी कुठल्या?

अशा स्पर्धेतला एखादा अचाट झेल व्हायरल होतो आणि मोठी चॅनेलं, क्रीडा पानं तो सर्रास उचलतात, मूळ चॅनेलचं नावही न घेता. तेव्हा कंटेंट आयडी गावच्या कॅमेरेवाल्याच्या मदतीला येत नाही. ज्यांच्याकडे भरपूर आणि वारंवार उचललं जाणारं साहित्य आहे अशाच हक्कदारांना यूट्यूब ती व्यवस्था देतं. बाकीच्यांसाठी ऑनलाइन फॉर्म आहे. प्रत्येक उचललेली प्रत स्वतः शोधायची, तिची लिंक टाकायची, मालकी आपली असल्याचं लिहून द्यायचं, आणि समोरच्यानं रास्त वापराचा दावा केला तर कोर्टात जायचं की सोडून द्यायचं हे ठरवायचं.